अनडू बटण नव्हतं, तरी एडिटिंग शिकले: दादासाहेब फाळके यांची गोष्ट

आठवी-नववीच्या मुलांना व्हिडिओ एडिटिंग शिकवायला बसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ॲप कोणतं घेऊ? दुसरा प्रश्न: वॉटरमार्क कसा घालवायचा? तिसरा: फोन साधा आहे, चालेल का? पण क्लिप नेमकी कुठे कापायची आणि का कापायची, हे फार थोडी मुलं विचारतात. खरं एडिटिंग मात्र या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू होतं.

म्हणून आज ॲपची यादी नाही. आज एका माणसाची गोष्ट सांगतो. वयाच्या चाळिशीत, शिकवायला कोणी नसताना, तो हे काम शिकला. त्याच्याकडे टाइमलाइन नव्हती, प्रिव्ह्यू नव्हता आणि चूक झाली तर मागे जायची सोयही नव्हती. दादासाहेब फाळके हे नाव पुरस्कारामुळे सगळ्यांना माहीत असतं. पण ते शिकले कसे, हे माहीत असेल तर तुमचा पुढचा व्हिडिओ नक्की सुधारेल. चला, सुरू करूया.

त्र्यंबकेश्वर ते बडोदा: सगळं थोडं थोडं शिकलेला मुलगा

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे शास्त्री. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवायची नोकरी लागली आणि घर मुंबईला आलं. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. नंतर मोठ्या भावाकडे बडोद्याला गेले आणि १८९० मध्ये तिथल्या कलाभवनात दाखल झाले.

या कलाभवनात त्यांनी काय शिकायचं बाकी ठेवलं? तैलचित्रं, जलरंग, शिल्पाचे नमुने, वास्तुकला, फोटोग्राफी, ब्लॉक बनवणं, छपाई. प्राचार्य गज्जर यांनी त्यांना संस्थेचा फोटो स्टुडिओ वापरायला दिला. एका प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि तिला सुवर्णपदक मिळालं.

पुढची वर्षं मात्र सरळ गेली नाहीत. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, पण प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दोघंही गेली. काही काळ त्यांनी जादूचे प्रयोग केले. त्यासाठी स्वतःचं आडनाव उलटं करून घेतलं: प्रोफेसर केळफा! फाळके हा शब्द उलटा वाचा, लगेच कळेल. मग भारतीय पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी केली, ती सोडली, लोणावळ्याला छापखाना काढला, राजा रविवर्मा यांच्या प्रेससाठी काम केलं. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणि तंत्र बघायला थेट जर्मनीला जाऊन आले. आणि एवढं करून भागीदारांशी मतभेद झाले म्हणून छापखानाही सोडला.

बाहेरून बघणाऱ्याला हा माणूस धरसोड वृत्तीचा वाटला असेल. पण एडिटिंगच्या नजरेने बघा. चित्रकलेतून फ्रेम कळली, फोटोग्राफीतून उजेड कळला, छपाईतून रसायनं कळली आणि जादूतून प्रेक्षकाची नजर कुठे वळवायची ते कळलं. सगळ्या क्लिप्स गोळा झाल्या होत्या. टाइमलाइन तेवढी मिळायची होती.

गिरगावातला पडदा

ती मिळाली गिरगावात. १९१०-११ च्या सुमारास अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त होता, पण फाळक्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण दिसायला लागले. आपल्या गोष्टी आपल्या माणसांनी अशा पडद्यावर का आणू नयेत? घरी येऊन त्यांनी पत्नीला सांगितलं आणि पुढच्या खेळाला तिलाही घेऊन गेले. या सरस्वतीबाई, त्यांच्या दुसऱ्या पत्नी. त्यांचं नाव लक्षात ठेवा, पुढे फार महत्त्वाचं आहे.

त्यानंतर फाळक्यांना सिनेमाचं वेडच लागलं. मिळेल तो चित्रपट बघायचा, मिळेल ते पुस्तक वाचायचं, रात्र रात्र जागून प्रयोग करायचे. नोकरी नाही, कमाई नाही. घरातलं सामान विकलं जाऊ लागलं. या जागरणांनी डोळ्यांवर इतका ताण आला की दिसेनासं झालं. डॉक्टरांचे उपचार आणि चष्मे यांनी दृष्टी परत आली. तुम्ही रात्री दोनला पांघरुणात फोन धरून रील कापत असाल, तर हा प्रसंग जरा लक्षात असू द्या.

मग विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी कर्ज काढलं आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठलं. ओळखीचं कोणी नाही. बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाची पाटी दिसली, तसे सरळ संपादक कॅबर्न यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. भारतात हा धंदा चालणार नाही, असं कॅबर्न यांचं मत होतं. पण समोरच्या माणसाची जिद्द बघून त्यांनी मदत केली. वॉल्टन इथल्या सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रपट कसा तयार होतो, हे फाळक्यांना बघायला मिळालं. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्र, कच्ची फिल्म अशी खरेदी करून एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले.

म्हणजे त्यांचा कोर्स किती दिवसांचा? जेमतेम काही आठवड्यांचा. बाकीचं शिक्षण दादरच्या घरात झालं.

वाटाण्याचं रोप आणि पहिला धडा

आता खरी अडचण पैशांची होती. सिनेमा काढतो म्हटल्यावर कर्ज कोण देणार? ज्याच्याकडे मागायचं त्याला सिनेमा म्हणजे काय, हेच धड माहीत नव्हतं. फाळक्यांनी भाषण दिलं नाही. त्यांनी डेमो बनवला.

एका कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा तिच्यासमोर पक्का बसवला. रोज थोडं थोडं, एकेक फ्रेम असं चित्रण चालू ठेवलं. हे महिनाभर चाललं. मग फिल्म धुऊन पडद्यावर दाखवली, तर मिनिटभरात बी रुजलं, कोंब वर आला, वेल वाढला! मराठीत ही फिल्म 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखली जाते. आज आपल्या फोनमध्ये टाइमलॅप्स नावाचा मोड असतो, तो हाच.

यात गणित कसं आहे बघा. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचे, वेग साधारण सेकंदाला १६ फ्रेम. म्हणजे मिनिटभराच्या फिल्मला ९६० फ्रेम लागतात. महिन्याभरात वाटल्या तर दिवसाला ३२. एखाद्या दिवशी कंटाळा केला किंवा कुंडी जरा सरकली, तर पडद्यावर रोप उडी मारणार, आणि ते महिनाभराने फिल्म धुतल्यावरच कळणार.

ही छोटी फिल्म बघून सावकाराचं मन वळलं. सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले. आणि भारतातल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटाचं काम सुरू झालं.

वर्गात शिकवताना पहिला धडा मी हाच धरतो. एडिटिंग म्हणजे वेळेशी खेळणं. महिना मिनिटात बसवता येतो आणि एक क्षण ताणून दहा सेकंदांचा करता येतो. हे कळलं की फिल्टरची गरज निम्मी कमी होते.

घर हीच लॅब

'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाचं काम दादरच्या घरात आणि आसपास चाललं. राजाचं काम दत्तात्रय दाबके यांनी केलं. राणी तारामतीसाठी बाई मिळेना, कारण सिनेमात काम करणं तेव्हा बायकांसाठी बदनामीचं मानलं जायचं. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात आचाऱ्याचं काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. कंपनीतल्या माणसांना सांगून ठेवलं होतं की कोणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत काम करतो म्हणायचं. फॅक्टरी म्हटलं की लोकांना इभ्रतीची नोकरी वाटायची!

कॅमेरा चालवायला कोण? त्र्यंबकेश्वरचे त्र्यंबक तेलंग. त्यांना कॅमेऱ्याचा काहीही अनुभव नव्हता, फाळक्यांनी त्यांना शिकवलं. लंडनहून शिकून आलेल्या माणसाने काही दिवसांतच दुसऱ्याला शिकवायला घेतलं, हे मला फार आवडतं. एखादी गोष्ट आपल्याला किती समजली आहे, हे ती दुसऱ्याला शिकवताना कळतं. शाळेत दोघा-दोघांच्या जोड्या करून एडिटिंग शिकवायचं कारणही हेच.

आणि सरस्वतीबाई? कंपनीतल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करायच्या. शूटिंगच्या वेळी भर उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या चेहऱ्यावर उजेड पाडायच्या. आज आपण त्याला रिफ्लेक्टर म्हणतो. रात्री सगळे झोपले की काळोख्या खोलीत कच्च्या फिल्मला छिद्रं पाडायच्या. कच्ची फिल्म छिद्रांशिवाय यायची आणि ३५ मिलिमीटर फिल्मच्या प्रत्येक फ्रेमला दोन्ही कडांना चार-चार छिद्रं लागतात. ती जरा जरी चुकली तर चित्र पडद्यावर थरथरणार. फिल्म धुणं, रसायनं मिसळणं हेही त्या शिकल्या आणि फिल्मचे तुकडे जोडण्याच्या कामातही त्यांचा हात होता. भारतातल्या पहिल्या फिल्म एडिटरांत त्यांचं नाव घेतलं जातं. त्या काळच्या जाहिरातींत मात्र त्यांचं नाव शोधू नका.

कात्री, डिंक आणि मोजपट्टी

फिल्म कापायचे म्हणजे नेमकं काय करायचे? आधी फिल्म उजेडासमोर धरून एकेक फ्रेम डोळ्यांनी बघायची. कापायची जागा ठरली की कात्री चालवायची. टोकाचा रासायनिक थर खरवडायचा, त्यावर फिल्मचं खास चिकटद्रव लावायचं, दुसरा तुकडा छिद्राला छिद्र जुळवून दाबून धरायचा. झाला एक कट. आपण स्प्लिट बटण दाबतो तेवढ्या कामाला काही मिनिटं लागायची. शिवाय ही फिल्म नायट्रेटची, म्हणजे ठिणगी लागली की भडका.

'राजा हरिश्चंद्र' चार रिळांचा, साधारण ३,७०० फूट लांब होता. ३५ मिलिमीटरच्या एका फुटात १६ फ्रेम मावतात. गुणाकार करा, जवळपास ५९,००० फ्रेम! बोलपट नसल्यामुळे मधे मधे मजकुराच्या पाट्या घालाव्या लागायच्या, त्या हिंदी आणि इंग्रजीत होत्या. पाटी फार लवकर गेली तर हळू वाचणाऱ्याला गोष्ट कळत नाही, आणि फार वेळ राहिली तर प्रेक्षक कंटाळतो. रीलवर कॅप्शन टाकताना आपल्यापुढे हाच प्रश्न असतो. सोपा उपाय सांगतो: पाटी मनात दोनदा सावकाश वाचून व्हावी एवढा वेळ ती ठेवा.

२१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरमध्ये निमंत्रितांसाठी खेळ झाला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात चित्रपट लोकांसाठी लागला आणि लोकांनी तो उचलून धरला.

जादूगाराचे कट

त्यानंतर फाळक्यांनी बिऱ्हाड आणि काम दोन्ही नाशिकला हलवलं. 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामं केली आणि पडद्यावर बायका न येण्याची अडचणही फुटली. १९१४ मध्ये ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे कौतुक झालं, काम करायची संधीही चालून आली, पण ती न घेता ते परतले. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि पैसे देणाऱ्यांनी हात आखडले. तरीही १९१७ मध्ये 'लंका दहन' आला. त्यात राम आणि सीता ही दोन्ही कामं साळुंके यांनीच केली! तिकिटांच्या नाण्यांची पोती बैलगाडीतून न्यावी लागली असं अजून सांगतात.

१९१८ च्या 'श्रीकृष्ण जन्म' मध्ये कंसाला स्वतःचंच मुंडकं धडापासून उडताना दिसतं. असे प्रकार त्या काळी दोन युक्त्यांनी करत. पहिली सोपी: कॅमेरा थांबवायचा, माणूस किंवा वस्तू बदलायची, पुन्हा चालू करायचा. दुसरी अवघड: फ्रेमचा काही भाग झाकून चित्रण करायचं, फिल्म मागे फिरवायची, मग तोच भाग उघडा ठेवून त्याच फिल्मवर पुन्हा चित्रण करायचं. किती हँडल फिरवलं ते मोजत राहायचं. मोजण्यात चूक झाली की दोन्ही चित्रणं वाया. ही पहिली युक्ती तुमच्या फोनवर आजच करता येईल. फोन स्टँडवर ठेवा, एकाला खुर्चीत बसवा, रेकॉर्डिंग करा, त्याला उठवा, खुर्ची न हलवता पुन्हा रेकॉर्डिंग करा आणि मधला भाग कापून टाका. माणूस गायब!

१९१९ च्या 'कालिया मर्दन' मध्ये फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. या चित्रपटाची सुरुवात मुद्दाम बघा. आधी मंदाकिनी साध्या रूपात वेगवेगळे भाव चेहऱ्यावर आणून दाखवते, मग हळूहळू ती कृष्णाच्या रूपात विरघळते. यालाच डिझॉल्व्ह म्हणतात. तुमच्या ॲपमध्ये शेकडो ट्रान्झिशन असतील. फाळक्यांनी इथे एक वापरलं आणि तेही अर्थ सांगण्यासाठी: ही मुलगी आणि हा देव एकच. ट्रान्झिशन टाकण्याआधी त्याचा अर्थ काय, एवढं एक वाक्य मनात तयार होत नसेल तर साधा कट ठेवा.

गुपित उघड करणारा मास्तर

आता या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग. जादूगार आपली युक्ती कधी सांगत नाही. पण प्रोफेसर केळफांनी सांगितली. १९१७ मध्ये त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' नावाची छोटी फिल्म बनवली. तीत फाळके स्वतः दिसतात, नटांना काम समजावताना, फिल्मची पट्टी हातात धरून तपासताना. आजच्या भाषेत बिहाइंड द सीन्स. याच सुमारास 'नवयुग' मासिकात त्यांनी सिनेमावर मराठीत लेखमालाही लिहिली. आगकाड्या एकेक फ्रेमने हलवून केलेली त्यांची फिल्मही आहे, तिचं नाव 'आगकाड्यांची मौज'. स्टॉप मोशन शिकायला काडेपेटीपेक्षा स्वस्त काय मिळणार?

ज्याने शिकवायला कोणी नसताना डोळे पणाला लावून शिकून घेतलं, त्याने हातात आलेलं ज्ञान कुलपात ठेवलं नाही.

शेवटचं रीळ

सुखाचा शेवट मात्र या गोष्टीला नाही. १९१८ मध्ये भांडवलदार भागीदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. पैसा आला, पण कामात ढवळाढवळही आली. फाळके वैतागून काशीला निघून गेले. तिथे 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं. पुढे कंपनीत परतले, पण जुनी उमेद राहिली नव्हती. तेवढ्यात १९३१ मध्ये बोलपट आला. 'सेतुबंधन' हा त्यांचा मूकपट १९३२ चा, त्याला नंतर आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूरला 'गंगावतरण' हा बोलपट केला, तोच शेवटचा. एका तंत्राला देशात आणणारा माणूस पुढच्या तंत्राच्या वेळी मागे पडला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं, तेव्हा सिनेमाच्या धंद्याने त्यांना जवळपास विसरून टाकलं होतं. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी.

आणखी एक गोष्ट चटका लावते. त्यांनी सुमारे ९५ चित्रपट आणि २६ लघुपट केले. त्यातले बहुतेक आज नाहीत. नायट्रेट फिल्म जळते, सडते, चिकटून जाते. जे थोडे तुकडे उरले ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपले.

आता तुमची पाळी

फाळक्यांच्या कामातून सुरुवातीचे चार सराव निघतात. शिक्षक असाल तर वर्गात घ्या, विद्यार्थी असाल तर भावंडांबरोबर करा.

१. वाटाणा किंवा मूग पेरा. फोन रोज त्याच जागी, त्याच उंचीवर ठेवून फोटो काढा. भिंतीवर पेन्सिलने खूण करा म्हणजे जागा चुकणार नाही. दोन आठवड्यांनी सगळे फोटो जोडा.

२. काडेपेटीतल्या काड्या एकेक करून सरकवा आणि प्रत्येक वेळी फोटो काढा. पाच सेकंदांची फिल्म पुरे.

३. आवाज पूर्ण बंद ठेवून एक मिनिटाची गोष्ट सांगा. पाट्या जास्तीत जास्त तीन. आजी-आजोबांना दाखवा. त्यांना न विचारता कळली, तर एडिटिंग जमलं.

४. शेवटी नावांची पाटी टाका. ज्याने स्टँड धरला, जिने चादर धरून उजेड पाडला, तिचंही नाव त्यात हवं. सरस्वतीबाईंची आठवण म्हणून.

आणि हो, काम संपलं की मूळ क्लिप्स लगेच डिलीट करू नका. त्यांची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. फोन भरला म्हणून उडवलेली क्लिप पुन्हा काढता येत नाही. फाळक्यांचे हरवलेले चित्रपट आपण परत आणू शकत नाही, पण तुमचं पहिलं रोप, तुमची पहिली गायब झालेली खुर्ची, एवढं तर नक्की जपता येईल.